मार्चची फेरी

"तिकिटाचे किती झाले?"

दारात उभ्या असलेल्या माणसाला मी हे विचारलं. तो माणूस माझा नवरा होता आणि पाच आठवड्यांनी आम्ही एकमेकांना पाहत होतो.

यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती, केसांवर घाटातली धूळ होती. आत सतरंजीवर माझ्या शिकवणीची सात मुलं बसली होती. मी त्यांना हातच्याची वजाबाकी शिकवत होते. दहा-दहा चिंचोक्यांचे ढीग करायचे आणि सुटे कमी पडले की एक ढीग मोडायचा. पण मुलांना तयार ढीग मोडवत नाही. हात पुढे जातो, परत मागे येतो. त्या दिवशीही सगळ्यांचे हात तसेच थांबले होते आणि सगळी तोंडं दाराकडे वळली होती.

"अकरा साठ," हे म्हणाले. मग हसले. "आत येऊ ना?"

"जाताना पुन्हा तेवढेच. तेवीस वीस."

"हो. आणि वणीला चहा घेतला. चाळीस पैसे."

शेजारच्या ओट्यावर आमच्या घरमालकीण द्वारकाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचे कान फार चांगले होते.

"काय गं कुमुद," त्या तिथूनच म्हणाल्या, "एसटीत कंडक्टर तिकीट विचारतो, घरात तू विचारतेस. माणसानं उतरायचं तरी कुठं?"

मुलं हसली. हेही हसले. मी हसले की नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही. माझ्या डोक्यात तेवीस साठ होते.

ही गोष्ट चांदवडची, शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. मी तिथल्या एका संस्थेच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. निवृत्ती, म्हणजे माझे यजमान, सुरगाण्याच्या डोंगरात करंजपाडा नावाच्या वस्तीवरच्या आश्रमशाळेत अधीक्षक होते. त्या आधी ते चांदवडच्याच हायस्कुलात हंगामी शिक्षक होते. ती नोकरी असताना आम्ही कर्ज केलं. एकदम असं काही केलं नाही. नणंदेचं लग्न, मग लोखंडी कपाट हप्त्यानं, मग लुना हप्त्यानं, टेपरेकॉर्डर हप्त्यानं. किराणा उधारीवर. यांच्या मित्रांचा चहा-भजी हॉटेलात, वहीवर. पतसंस्थेचं एक कर्ज फेडायला दुसरं. हे मनानं मोठे होते आणि मला त्यांचं मोठं मन आवडायचं. त्यामुळे दोष एकट्या यांचा नव्हता.

मग एका संध्याकाळी किराणा दुकानदारानं माझ्या पिशवीत घातलेली अर्धा किलो साखर परत काढून घेतली. "बाई, आधी मागचं," एवढंच म्हणाला. रागावला नाही. माझ्या मागे माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. तिनं दुसरीकडे पाहिलं. ते तिचं दुसरीकडे पाहणं मला साखरेपेक्षा जास्त लागलं.

त्या रात्री मी सगळ्यांची बेरीज केली. व्याज धरून अठरा हजार चारशे. यांना मी जमिनीवर बसवलं आणि पहिलीतल्या मुलाला समजावतात तसं समजावलं. महिन्याला आठशे बाजूला काढले, तर तेवीस हप्ते. लुना विकली. टेपरेकॉर्डर विकला. दोन खोल्यांची एक खोली केली. उधारी बंद, आठवडी बाजारातून रोखीनं आठवड्यापुरतंच आणायचं, संपलं तर संपलं. जुन्या उत्तरपत्रिकांची मी अकरा पाकिटं शिवली आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवली. दूध, रॉकेल, भाडं, साबण, प्रवास. पाकिटात नसेल ते मिळणार नाही.

तरी आठशे होत नव्हते. तेव्हा करंजपाड्याची जागा निघाली. पगार बरा, राहायला खोली, जेवण मुलांबरोबर. हे गेले. मी संध्याकाळच्या शिकवण्या सुरू केल्या, त्यांचे महिन्याला तीनशे येऊ लागले. मग आठशे जमले. प्रवासाच्या पाकिटात दोन महिन्यांतून एका फेरीचे पैसे बसत होते. जानेवारीची फेरी झाली होती. पुढची मार्चअखेरची होती.

आणि हे फेब्रुवारीत आले होते.

यांनी पाय धुतले आणि मुलांमध्येच मांडी घालून बसले. पिशवीतून नागलीचे पापड काढून कोनाड्यात ठेवले. शेजारच्या मुलीला विचारलं, "काय अडलंय तुझं?"

"ढीग मोडायचा आहे."

"मग मोड की."

"नको वाटतं."

"का गं?"

"मघाशीच केला होता."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे हिचं. कष्टानं केलेला ढीग आहे."

"मोडल्याशिवाय उत्तर येत नाही," मी म्हणाले, आणि तिचा हात धरून ढीग मोडला.

मुलं गेल्यावर मी पिठलं टाकलं. भाकरी यांच्यासाठी एक जास्त. ते चुलीजवळ पाट घेऊन बसले, जसे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बसायचे. नुसती लाकडं आत सारत राहिले. हे त्यांचं नेहमीचं नव्हतं.

"बरं आहे ना?" मी विचारलं. "ताप वगैरे?"

"छे."

"मग असं अचानक?"

"आलो." त्यांनी काटकीनं राख सारखी केली. "तिकडं पहिली-दुसरीला मास्तर नाही आता. होता तो गेला नोकरी सोडून. चाळीस मुलं नुसती बसून असतात. मी मधूनमधून जातो, पण मला ते लहान मुलांचं जमत नाही. मी 'क' काढला की ते म्हणतात, गुरुजी, हा बैल आहे का?"

मला हसू आलं. "मग बैलच म्हणायचं आधी. बैलाचं शिंग कुठं, शेपूट कुठं. दोन दिवसांनी सांगायचं, या बैलाचं नाव 'क'."

"बघ. हे मला सुचलं नसतं."

"संस्थेला सांगा, जाहिरात द्या म्हणावं."

"हो. सांगतील." त्यांनी काटकी चुलीत टाकली. "कुमुद, अगदी कोरी मुलं आहेत. घरात पाटीसुद्धा पाहिलेली नाही. तुला आवडली असती."

"मुलं सगळीकडे सारखीच," मी म्हणाले. भाकरी उलटायची वेळ झाली होती.

"समज," ते म्हणाले, "आपल्या कर्जाला थोडं जास्त लागलं. समज हं. तेवीसच्या जागी..."

"एक दिवससुद्धा नाही."

"मी नुसतं म्हणतोय."

"नुसतंसुद्धा म्हणू नका." मी त्यांच्याकडे वळले. माझा हात पिठाचा होता आणि तो थरथरत होता. "आठ हप्ते गेले. पंधरा राहिले. मी रोज उठून पंधरा म्हणते आणि झोपताना पंधरा म्हणते. पंधरा झाले की तुम्ही परत येणार, हायस्कुलात जागा निघणार आहे, आणि त्या दुकानासमोरून मी मान वर करून जाणार. यात तुम्ही सोळावा हप्ता आणू नका."

ते माझ्याकडे पाहत राहिले. फार मायेनं पाहत होते. तेव्हा मला वाटलं, चुकल्यासारखं वाटून पाहताहेत.

"नाही आणत," ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर मी वही काढली. फेब्रुवारीच्या पानावर 'प्रवास' पुढे तेवीस वीस आणि खाली चहा चाळीस लिहिले. पाकिटात मार्चच्या फेरीसाठी साठवलेले बावीस रुपये होते. ते मी मोजून यांच्यासमोर ठेवले, वर एक साठ साबणाच्या पाकिटातून घातले.

"मग मार्चची फेरी रद्द करावी लागेल," मी म्हणाले.

"बरोबर आहे."

"एकदम मेमध्ये. सुट्टीला."

"बरोबर आहे," ते पुन्हा म्हणाले. मला त्यांचं ऐकणं बरं वाटलं. लग्न झाल्यापासून पैशाच्या बाबतीत ते इतक्या सहज कधी ऐकले नव्हते. मला वाटलं, माणूस सुधारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. पिंपळगावची बस लागलेली होती. ते खिडकीशी बसले, मी खाली उभी राहिले. इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी काच सरकवली.

"कुमुद, पंधरा महिने मोठे असतात का गं?"

"आजपासून धरून एप्रिलअखेरपर्यंत चारशे एकोणचाळीस दिवस," मी म्हणाले. ते मला पाठ होतं.

ते हसले. "शाबास," म्हणाले, मी मुलांना म्हणते तसं. बस निघाली.

मार्चचा तो शेवटचा शनिवार मला अजून आठवतो. साडेपाचची बस वळणावर घरघरली की मुलांना शिकवताना माझा खडू थांबायचा. त्या दिवशी मी उठूनच दारात गेले. दोन बायका, एक कोंबड्यांची पाटी आणि एक पोलीस गेला. रस्ता रिकामा झाला.

"कोणाला बघतेस?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तूच रद्द केलीस ना?"

"वारा घ्यायला आले."

"घे बाई. फुकट आहे." मग जरा वेळानं, त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही, म्हणाल्या, "मी सांगू का? नवरा येतो तेव्हा आधी पाणी विचारावं."

त्यानंतर हे कधी न सांगता आले नाहीत. ठरलेल्या शनिवारी, ठरलेल्या बसनं. दर आठवड्याला पोस्टकार्ड यायचं. उघडं कार्ड, पोस्टमन वाचणार, द्वारकाबाई वाचणार, म्हणून त्यात काय लिहिणार? 'मंजन संपले, राखेने भागवतो. दाढीचे पाते चौथ्या आठवड्यात. प्रकृती ठीक. पहिलीला अजून कोणी नाही.' मी उत्तरात खर्च लिहायची. दूध अर्धा लिटरवरून पाव केलं, त्याचं त्यांनी कौतुक लिहिलं. मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचायची. 'शाबास' या शब्दावर बोट ठेवून बसायची.

जुलैच्या एका कार्डात लिहिलं होतं, 'पहिलीला सटाण्याचे मास्तर आले. मुले खूष.' मी वाचलं आणि ठेवलं.

सत्याऐंशीच्या एप्रिलमध्ये तेविसावा हप्ता भरला. पतसंस्थेच्या कारकुनानं बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला लिहून शिक्का मारून दिला. मी दुकानासमोरून मान वर करून गेले. दुकानदार म्हणाला, "या बाई." मी रोखीनं एक किलो साखर घेतली. त्याहून वेगळं काही झालं नाही. मला वाटलं होतं, होईल.

यांचा चार्ज एकोणतीस तारखेला द्यायचा होता. मी ठरवलं, आपण आणायला जायचं. बावीस महिन्यांत मी करंजपाडा पाहिलंच नव्हतं; प्रवासाचं पाकीट एकाचंच होतं.

दोन बस बदलून घाट चढून पोचले तेव्हा दुपार झाली होती. साग नुसते काड्यांसारखे उभे होते, पण आंब्यांना गर्द सावली होती. शाळा म्हणजे एक लांब कौलारू इमारत, मागे स्वयंपाकघर, पलीकडे वसतिगृह. परीक्षा संपल्या होत्या, मुलांना न्यायला आईबाप एक मेला येणार होते. त्यामुळे सगळी मुलं अंगणात मोकाट होती. हे कोठीत नवीन अधीक्षकांना घोंगड्या मोजून देत होते. मला पाहून त्यांनी हातातली घोंगडी तशीच धरली.

"तू?"

"आणायला आले."

"छप्पन्न," नवीन अधीक्षक म्हणाले. "की सत्तावन्न?"

"पुन्हा मोजा," हे त्यांना म्हणाले, माझ्याकडेच बघत.

स्वयंपाकीण येसूबाई मला हातपाय धुवायला मागे घेऊन गेली. चाळिशीची, काटक, बोलकी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजी तुमीच बाई."

"हो."

"उंचीनं तेवढ्याच हायेत. गुरुजींनी हात करून दावलं व्हतं, एवढी म्हणून."

"माझी उंची दाखवली? कशाला?"

"चुलीसाठी. या, दावते."

आंब्याखाली दोन खोल्यांचं एक लहान घर होतं, पुढे पडवी. दार लोटलं तर आत मोडके बाक आणि धान्याची रिकामी पोती रचलेली. आतल्या खोलीत कोपऱ्यात मातीचा ओटा होता आणि ओट्यावर चूल, बसून नाही, उभं राहून करायची. त्या काळी तिकडं अशी चूल कोणी घालत नसे. चुलीला काजळी नव्हती. ती कधी पेटलीच नव्हती.

"मागल्या साली, शिमग्याच्या आधी," येसूबाई म्हणाली, "गुरुजी म्हणले, येसूबाई, आमची बाई येनार. तिची कंबर दुखती बसून. उभ्याची चूल घाल. मी घातली. चेअरमननं या खोल्या द्यायच्या कबूल केल्या व्हत्या, आन पयलीची नोकरी तुमाला. सोमवारपातूर होय का नाय सांगा म्हणले. गुरुजी शनवारी गेले तुमच्याकडं इचारायला."

मी भिंतीला हात लावला.

"रैवारी रातीला आले. मी इचारलं, काय म्हणल्या बाई? तर म्हणले, नाय जमणार." तिनं पोत्याचं टोक सारखं केलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "डोंगर नको वाटला का तुमाला?"

तिला काय सांगणार? मला कोणी विचारलंच नव्हतं. आणि मला कोणी विचारू शकेल अशी मी त्या संध्याकाळी नव्हते.

"तसंच काहीतरी," मी म्हणाले.

चार वाजता हे मोकळे झाले आणि मला शोधत पडवीवर आले. मी पायरीवर बसले होते. ते शेजारी बसले. त्यांनी उघडं दार पाहिलं आणि त्यांना कळलं.

"येसूबाई बोलते फार," ते म्हणाले.

"विचारलं का नाहीत?"

"विचारायलाच आलो होतो."

"मग?"

"तू पंधरा म्हणालीस." ते समोर खेळणाऱ्या मुलांकडे बघत होते. "तुझा हात थरथरत होता, कुमुद. मला वाटलं, या बाईनं एवढं सगळं धरून ठेवलंय, त्यातलं एक आपण काढलं तर सगळं सांडेल. आणि कर्ज मीच करून ठेवलेलं. मी कुठल्या तोंडानं म्हणणार, अजून थोडं राहू दे?"

"थोडं म्हणजे किती?"

"जाऊ दे आता."

"किती? तुम्ही मांडलं असणार."

"मांडलं होतं." त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली नाही, त्यांनाही पाठ होतं. "शिकवण्यांचे तीनशे गेले. पण इथं भाडं नाही, दूध नाही, रॉकेल नाही, माझ्या फेऱ्या नाहीत. शंभर वाचले. म्हणजे आठशेच्या जागी सहाशे भरता आले असते. तेव्हा बाकी बारा हजार."

पुढचं मला सांगायची गरज नव्हती. बारा हजारांत सहाशे वीस वेळा जातात. हे मी तिसरीच्या मुलालासुद्धा चिंचोक्यांवर दाखवलं असतं. पंधराच्या जागी वीस.

"पाच महिने," मी म्हणाले.

"पाच."

"पाच महिने वाचवायला आपण पंधरा महिने..."

"वाक्य पुरं करू नकोस," ते म्हणाले. "तुझा हिशोब चुकला नव्हता. मी तुला गणितच दिलं नाही पुरतं."

असं बोलणं त्यांच्याकडून मला पुढे बत्तीस वर्षं मिळालं. माझी चूक ते असं उचलायचे, वाटेतला खडा उचलून बाजूला ठेवावा तसं. त्या दिवशी ते मला सोसलं नाही. मी त्यांच्यावर चिडले.

"भांडा तरी," मी म्हणाले. "एकदा तरी म्हणा, कुमुद, तू दारातच माझं तोंड बंद केलंस."

"दारात नाही केलंस. दारात मी हसलो होतो."

"मग कधी?"

त्यांनी बराच वेळ विचार केला, एखाद्या मुलानं अवघड प्रश्न विचारल्यासारखा. "तू साबणाच्या पाकिटातून एक साठ काढलेस, तेव्हा," ते म्हणाले. "तेव्हा वाटलं, हिच्याकडे आता कुठंच काही शिल्लक नाही. हिच्याकडे काही मागायचं नाही."

अंगणात मुलींनी फुगडी घातली होती, त्यांच्या टाचांनी धूळ उडत होती.

"राहू या," मी म्हणाले.

"काय?"

"इथं राहू. मी येते. कर्ज संपलं आता. सहाशे नकोत, आठशे नकोत. ते बाक बाहेर काढू."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. असा दिवसाढवळ्या, पायरीवर, चाळीस मुलांसमोर.

"चार्ज दिला, कुमुद," ते म्हणाले. "सही झाली. पहिलीला मास्तर आहे, चांगला आहे. उद्या नवे अधीक्षक बिऱ्हाड आणणार. हायस्कुलाची ऑर्डर आलीय ना तिकडची?"

आली होती. मीच ती पिशवीत घालून आणली होती, त्यांना दाखवायला.

दुसऱ्या दिवशी दहाची बस होती. यांची ट्रंक सकाळीच बांधून झाली. मी आवरून पडवीत आले तर तिथं चार-पाच लहान मुली उभ्या होत्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, या गुरुजींच्या बाई आहेत, शाळेत शिकवतात.

"बाई, आमाला शिकवा ना," एक म्हणाली.

"परीक्षा संपली ना तुमची?"

"संपली. तरी शिकवा."

मी हसले आणि पायरीवर बसले. "काय येतं तुम्हाला?"

सगळं येत होतं. सटाण्याच्या मास्तरांनी चांगलं शिकवलं होतं. मी म्हणाले, मग तुम्ही मला शिकवा, तुमच्या भाषेत मोजायला. त्या आधी लाजल्या, मग एकेक आकडा सांगू लागल्या. मी मुद्दाम चुकले. त्या ओरडून हसल्या. ते ऐकून आणखी मुलं आली, मग मुलगे आले, पंधरा-वीस झाले. मी आंब्याखाली पडलेल्या कोया गोळा करायला सांगितल्या. मातीत रेघ ओढली. दहाचे ढीग केले. एका अगदी बारक्या मुलीला मी म्हणाले, यातून सात मला दे. तिच्याकडे सुट्या तीन होत्या. ती ढिगाकडे पाहत बसली, हात पुढे नेला, मागे घेतला. मी तिला घाई केली नाही. माझ्या शिकवणीतल्या मुलीचा हात धरून मी जसा ढीग मोडला होता, तसा मोडला नाही. बसून राहिले. तिला हवा तेवढा वेळ घेऊ दिला.

वरच्या वळणावर बस दिसली. डोंगरात गाडी दिसल्यावर पोचायला दहा मिनिटं लागतात. हे ट्रंकेवर बसले होते, फाट्याजवळ, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी बस पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि मुलीच्या हाताकडे बघत राहिले.

बस आली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढून काहीतरी विचारलं. यांनी मान हलवली, हातानं 'जा' म्हणून खूण केली. घंटी वाजली. बस धूळ उडवत घाटाकडे निघून गेली.

यांनी हाक मारली नाही. ट्रंक ओढून सावलीत घेतली आणि पुन्हा तिच्यावर बसले.

पुढची बस तीनला होती. तेवढे पाच तास आम्ही दोघं करंजपाड्याला राहिलो.